ओली पाटी

सहा दिवस नखरे करून सातव्या दिवशी भट्टीनं अखेर तिचं ऐकलं. ढोलातल्या कॉफीच्या बिया तडतडायला लागल्या — आधी एक, मग दोन, मग नुसता गलका — आणि धाकटीनं आनंदानं जी उडी मारली ती थेट टेबलाच्या कोपऱ्यावर. गुडघा चोळत तिनं दांडा ओढला. तपकिरी बिया खालच्या गोल ताटात सांडल्या, गार करणारा पंखा घरघरू लागला, आणि त्या रिकाम्या खोलीत ती स्वतःलाच म्हणाली, “जमलं बाई.”

जमलं होतं खरं. पण त्याच वेळी काहीतरी फसलंही होतं, आणि ते तिला दोन मिनिटांनी कळलं. मागच्या दारावर थाप पडली तेव्हा.

दारात एक उंच माणूस उभा होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातात बारीक ब्रश, आणि डोक्यावर, खांद्यांवर, भुवयांवर, अगदी पापण्यांवरसुद्धा पातळ सोनेरी फोलपटं. पापणी लवली की एखादं फोलपट तरंगत खाली यायचं. रागावलेला माणूस इतका चमकताना धाकटीनं आजवर पाहिला नव्हता.

“हे तुमचं का?” त्यानं भुवईवरचं एक फोलपट चिमटीत धरून पुढं केलं.

“...बहुतेक.”

“बहुतेक?”

“म्हणजे, कॉफीच्या बीवरचं साल आहे ते. भाजताना सुटतं. पण ते तुमच्यापर्यंत कसं आलं ते...”

“वरून आलं. मी अंगणात पाटी रंगवत होतो. तिसरं अक्षर घ्यायला वाकलो आणि हे पडायला लागलं. मला वाटलं, माझंच काहीतरी बिनसलं.” तो आत डोकावला. भट्टीतून निघून भिंतीबाहेर गेलेल्या पाइपावर त्याची नजर फिरली. “या पाइपाला मध्ये एक डबा असतो ना? पिठाच्या गिरणीत असतो बघा. वर रुंद, खाली निमुळता. कोंडा त्यात पडतो.”

धाकटीनं हळूच खिडकीकडे पाहिलं. त्यानंही पाहिलं. खिडकीत वर रुंद, खाली निमुळता असा एक देखणा पत्र्याचा डबा होता, आणि त्यात तिनं परवाच हौसेनं एक वेल लावला होता.

“मला वाटलं कुंडी आहे,” ती म्हणाली.

तो हसला नाही. निदान प्रयत्न तरी तसा केला. पण त्याचे खांदे हलायला लागले, आणि खांद्यांवरची फोलपटं तिच्या स्वच्छ पुसलेल्या फरशीवर बरसली.

आता ही धाकटी कोण, ते सांगायला हवं. घरात ती दोन बहिणींतली धाकटी, म्हणून सगळे धाकटीच म्हणत. सत्ताविसावं लागलं, एक नोकरी मिळवून झाली, ती जाऊनही झाली, तरी धाकटीच. तिच्या कंपनीनं एका सकाळी अख्खा मजला रिकामा केला होता. बाकीचे अर्ज लिहायला बसले, आणि हिनं निरोपाच्या पैशांतून एका बंद पडलेल्या दुकानाची जुनी भट्टी उचलली. थोरली फोनवर म्हणाली होती, “अगं, सगळा बाजार दुकानं बंद करतोय आणि तू उघडतेस? याला आगीतून फुफाट्यात म्हणतात.” यावर धाकटी म्हणाली होती, “ताई, फुफाट्यातच तर बिया भाजतात.” बोलायला सोपं होतं. फोन ठेवल्यावर मात्र तिनं उरलेले पैसे तीनदा मोजले होते.

जागा मिळाली ती गाळा नंबर सात. मालकीणबाई किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून फिरणाऱ्या, बोलायला रोखठोक. “वर्षभरात तीन भाडेकरू आले आणि गेले,” त्यांनी सांगितलं होतं. “तेव्हा तीन महिने बघू. तिसरा महिना संपायच्या आत एक तरी कायमचं, दर आठवड्याचं गिऱ्हाईक दाखवा. वर्षाचा करार करते. नाहीतर किल्ली मुकाट्यानं परत.”

धाकटीनं मान हलवली होती. तीन महिने म्हणजे खूप असतात, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

“पाटीचं नुकसान मी भरून देते,” ती आता म्हणाली. “कुणाची आहे पाटी?”

त्यानं दारावरचा सातचा आकडा पाहिला. मग तिच्याकडे पाहिलं. उत्तराला जरा उशीरच झाला.

“आहे एका बाईंची. त्यांना काही घाई नाही.”

“बघू तरी, किती खराब झाली.”

“नको,” तो पटकन म्हणाला. “ओली आहे. त्यापेक्षा हे जे काय भाजलंत, त्याचा एक कप पाजा. फिटंफाट.”

तिनं पहिला कप केला. तिचं पहिलंवहिलं गिऱ्हाईक, तेही फुकटचं. त्यानं घोट घेतला, डोळे मिटले. ती त्याच्या पापण्यांवर उरलेल्या एकुलत्या एक फोलपटाकडे पाहत राहिली.

“आधी पिवळं,” तो म्हणाला. “वाळलेल्या गवताचं असतं तसं. मग लाल. छान लाल. आणि शेवटी... कोळसा.”

“कोळसा ही चव नाही.”

“मी चवीचा माणूस नाही हो. मला रंगच कळतात. पण लाल होतं तिथं थांबला असतात ना, तर मी दुसरा कप मागितला असता.”

तिला राग आला. मग तिनं स्वतः एक घोट घेतला, आणि राग गिळून टाकावा लागला. माणूस बरोबर बोलत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मागच्या दारावर पुन्हा थाप पडली. वेलाला आता रंगाचा रिकामा डबा मिळाला होता आणि पत्र्याचा डबा आपल्या जागी, पाइपावर बसला होता. “फोलपटं आली नाहीत म्हणून काळजी वाटली,” पाटीवाला म्हणाला.

“काळजी फोलपटांची?”

“सवय लागली एका दिवसात. माणसाला वाईट सवयी लवकर लागतात.”

मग ते रोजचंच झालं. ती भट्टीतून चमचाभर बिया काढायची, तो दारातल्या उजेडात तळहातावर घेऊन बघायचा. कागदावर धाकटीला सगळं पाठ होतं, किती मिनिटं, किती आच. पण भट्टी जुनी होती आणि तिला कागद वाचता येत नव्हता. एक दिवस घाई करायची, दुसऱ्या दिवशी रुसून बसायची. पाटीवाल्याला कॉफीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण दोन तपकिरी रंगांमधला केसाएवढा फरक त्याला लांबून दिसायचा.

पंधरा दिवसांनी त्यानं कागदात गुंडाळलेलं काहीतरी टेबलावर ठेवलं आणि उगाच छताकडे बघत उभा राहिला. आत एक गुळगुळीत लाकडी पट्टी होती. तिच्यावर आठ तपकिरी चौकोन रंगवलेले. पहिला वाळक्या गवतासारखा, आठवा जवळजवळ काळा. प्रत्येकाखाली बारीक, रेखीव आकडा.

“बी या पट्टीशेजारी धरायची,” तो म्हणाला. “पाच म्हणजे लाल. आठ म्हणजे पहिल्या दिवसाची.”

धाकटीनं पट्टीवरून बोट फिरवलं. रोज बिया बघून जायचा, तेव्हा हा प्रत्येक रंग तो डोळ्यांत साठवून घरी नेत होता तर. आजवर तिला कुणी फुलं दिली होती, कुणी पेन. असं कामाचं कुणी काही दिलं नव्हतं. “किती वेळ लागला याला?” तिनं विचारलं.

“फार नाही.” मग जरा थांबून, “सहावा चौकोन चार वेळा खरवडला.”

“का?”

“तुमच्या डोळ्यांच्या जवळ जायला लागला होता. मग कामाचा उरला नसता.”

इतकं बोलून तो कान लाल करून निघून गेला. दारात ब्रश विसरला, तो घ्यायला परत आला, आणि पुन्हा निघून गेला. धाकटीनं त्या दिवशी एक घाणा साफ करपवला. पट्टी समोर असून.

धंद्याचं म्हणाल तर रस्ता अर्धा झोपलेला होता. एका दुकानाआड एक शटर खाली. पाटीवाला म्हणायचा, “सहा महिन्यांत मी काय रंगवलं माहितीय? ‘विकणे आहे’, ‘माल संपेपर्यंत’, ‘आमची दुसरी शाखा नाही’. आता त्यांची पहिलीपण राहिली नाही. ‘शुभारंभ’ लिहून इतके दिवस झालेत की हात अडखळेल. तुमचा शुभारंभ मीच रंगवणार हं. नाव सांगा.”

“अजून ठरलं नाही.”

तो दर दोन दिवसांनी विचारायचा, ती दर दोन दिवसांनी हेच सांगायची. खरं कारण तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. नाव दिलं की वस्तू आपली होते, आणि आपली झालेली वस्तू गेली की दुखतं. नोकरी गेली तेव्हा टेबलावरची नावाची पट्टी तिनं स्वतःच्या हातानं काढून पिशवीत घातली होती.

पण दिवस मात्र पळत होते, आणि मजेत पळत होते. ती थर्मास घेऊन दारोदार फिरली. दातांच्या दवाखान्यात, सायकल दुरुस्तीच्या दुकानात, वाचनालयात. दवाखान्यातल्या बाईंनी पाव किलो घेतली, सायकलवाल्यानं उधार मागितली, ग्रंथपालांनी आधी नाक मुरडलं आणि मग दुसऱ्या दिवशी स्वतःच चालत आले. रस्त्यानं जाणारे लोक वासानं थबकायला लागले. असं कुणी थबकलं की धाकटी काचेआडून मुठी आवळायची. आत ये, आत ये. आलाच कुणी आत, तर ती इतकी खूश व्हायची की बिचारा बावरून जायचा.

एके सकाळी तर कहर झाला. बिया ताटात सांडल्या आणि गार करणारा पंखा एकदा खोकून बंद पडला.

“आता?” पाटीवाल्यानं विचारलं.

“आता त्या आतल्या आत भाजत राहणार. दोन मिनिटांत सगळ्या आठ नंबर.” तिनं भिंतीवरच्या दोन चाळण्या ओढल्या. “धरा. अंगणात. पळा.”

अंगणात गार वारा होता. दोघं समोरासमोर उभे राहून चाळण्या पाखडायला लागले. बिया उडत होत्या, बोटं भाजत होती, फोलपटं वाऱ्यावर नाचत होती. तो चाळणी वर उडवायचा आणि निम्म्या बिया तिच्या ओंजळीत झेलाव्या लागायच्या. ती “अहो, हळू” म्हणत हसायची. शेवटी बिया गार झाल्या, आणि कसं कोण जाणे, दोघांचे हात एकाच चाळणीत होते. भाजलेली बोटं कुणीच काढली नाहीत.

“पाच,” तो हळूच म्हणाला. बघत मात्र बियांकडे नव्हता.

“साडेपाच,” ती म्हणाली. तीही नव्हती.

त्या घाण्यातली कॉफी आजवरची सगळ्यांत चांगली निघाली. तिनं ती चाखली ती धंद्याच्या रीतीनं, म्हणजे चमच्यातून सुर्रकन आवाज करत, चव सगळ्या जिभेवर पसरावी म्हणून.

“माझ्या आईनं ऐकलं तर पाठीत धपाटा घालेल,” पाटीवाला म्हणाला.

“मग आईंच्या समोर मी बिनआवाजाची पिईन.”

वाक्य तोंडातून गेलं आणि मग तिला त्याचा अर्थ कळला. तो नुसता हसला, कपात बघून.

त्याच आठवड्यात मोठी बातमी आली. नाटकगृहाचं उपाहारगृह चालवणाऱ्या काकूंनी निरोप धाडला. वाचनालयात त्यांनी धाकटीची कॉफी घेतली होती. गुरुवारी अकराला या, भाजलेली कॉफी घेऊन. पसंत पडली तर दर आठवड्याला घेऊ. तिसरा महिना त्याच शनिवारी संपत होता. म्हणजे काकूंचं ‘हो’ आलं तर करार, ‘नाही’ आलं तर किल्ली.

मंगळवारी दुपारी धाकटी हे सांगायला अंगणापलीकडच्या पाटीवाल्याच्या शेडकडे धावत गेली. तीन महिन्यांत ती तिथं कधी गेली नव्हती. नेहमी तोच यायचा, आणि तिनं यायचं म्हटलं की काहीतरी ओलं असायचं. शेडमध्ये तो नव्हता. डब्यांच्या रांगा, टर्पेंटाइनचा वास, आणि भिंतीला टेकून, मागं ठेवलेली एक लांब फळी. तिच्या लाल अक्षरांत सोनेरी फोलपटं रुतून वाळली होती. आपली फोलपटं ओळखून ती आधी हसली. मग तिनं अक्षरं वाचली.

‘जागा भाड्याने देणे आहे. गाळा नं. ७.’

मागून पावलं आली. तो हातात रंगाचा डबा घेऊन उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरूनच तिला कळलं की यात गैरसमज वगैरे काही नाही.

“ही माझी पाटी आहे,” ती म्हणाली.

“मालकीणबाईंची.”

“माझ्या जागेची. मी आले त्याच आठवड्यात?”

“त्या आधीच करून ठेवतात. म्हणतात, भाडेकरू जातो तेव्हा धावपळ नको.” त्यानं डबा खाली ठेवला. “दर आठवड्याला विचारतात, झाली का पाटी. मी सांगतो, ओली आहे. हवा दमट आहे, रंग धरत नाही, फोलपटं काढतोय...”

“अडीच महिने कुठला रंग ओला राहतो?”

“माझा राहिला.”

दुसऱ्या कुठल्या दिवशी तिला यावर हसू आलं असतं. “आणि मला नाही सांगावंसं वाटलं? रोज सात वाजता येत होतात. माझ्या हातची कॉफी पीत होतात. आणि इथं माझ्या जाण्याची तयारी सुकत होती. खरं सांगा, तुम्हालाही वाटत होतं ना, मी टिकणार नाही?”

त्याला खोटं बोलता आलं असतं. मालकीणबाईंशी तर तो इतके दिवस बोलतच होता. “पहिल्या दिवशी वाटलं होतं,” तो म्हणाला. “त्या डब्यात वेल बघितला तेव्हा.”

“झालं तर मग,” ती म्हणाली आणि निघून आली.

बुधवारी सातला थाप पडली. तिनं दार उघडलं नाही. थाप पुन्हा पडली नाही, आणि त्याचाही तिला राग आला.

गुरुवारची कॉफी तिनं बुधवारीच भाजली. लाकडी पट्टी तिनं खणात टाकली आणि खण गुडघ्यानं ढकलून बंद केला. मग भट्टीसमोर उभी राहिली. सगळं या एका घाण्यावर होतं. बिया आत गेल्या. ओल्या गवताचा वास आला, मग भाजक्या पावाचा. ती घड्याळाकडे बघत नव्हती. तिनं कान ढोलाकडे लावले होते. पहिली तड. दुसरी. गलका. गलका ओसरायला लागला आणि आतून कुणीतरी म्हणाल्यासारखं तिला वाटलं, थांब, अजून... अजून जरासं... आता. तिनं दांडा ओढला.

बिया गार झाल्यावर मात्र तिला राहवलं नाही. खण उघडून तिनं पट्टी काढली आणि बी शेजारी धरली. पाच नव्हती, सहाही नव्हती. बरोबर मधली होती. हा रंग पट्टीवर नव्हताच. तो तिनं स्वतः काढला होता. आणि हे ज्याला सर्वांत आधी दाखवावं असं वाटलं, त्याच्याशीच तर भांडण झालं होतं. धाकटी टेबलाशी बसून दोन मिनिटं रडली. मग तोंड धुऊन डबे भरायला लागली.

नाटकगृहातल्या काकू ठेंगण्या आणि करड्या नजरेच्या. “आधीच सांगते, मला गोड बोलणं चालत नाही,” त्या म्हणाल्या. धाकटी म्हणाली, “मला पण येत नाही,” आणि कप पुढं केला. काकूंनी वास घेतला. मग सुर्रकन असा मोठा आवाज करत घोट ओढला की शेजारचा आचारी दचकला. धाकटीला त्या क्षणी काकूंचे पाय धरावेसे वाटले.

“हं,” काकू म्हणाल्या. दुसरा घोट. “मध्यंतरात लोक कॉफी अर्धी टाकून पळतात. ही टाकणार नाहीत. दर सोमवारी आठ किलो. हीच. रंग बदलला तर परत पाठवीन.”

धाकटी परत कशी आली ते तिला नंतरही आठवेना. बस होती, तरी ती चालत आली, बहुतेक पळतच. थोरलीला फोन लावला. थोरली नाक ओढत म्हणाली, “आमच्यासाठी पण एक किलो ठेव गं.” राग तर केव्हाच निवला होता. आठ किलोंच्या आनंदात मागच्या महिन्यांचं सगळं तिला नव्यानं दिसत होतं. एक माणूस आठवड्यामागून आठवडे मालकीणबाईंच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलत होता, आणि ते कुणासाठी? आता शेडमध्ये जायचं, माफी मागायची, असं घोकत ती कोपऱ्यावरून वळली, आणि थांबली.

तिच्या दुकानाच्या दर्शनी बाजूला शिडी लागली होती. शिडीवर पाटीवाला होता, खाली मालकीणबाई जुडगा खुळखुळवत उभ्या होत्या.

“अहो, पण ही माझी फळी आहे!”

“तुमचीच आहे. फक्त उलटी लावलीय.”

“पण मी सांगितलं होतं भाड्याने...”

“ते मागच्या बाजूला आहे. बघायचं तर भिंत फोडावी लागेल.”

धाकटीनं वर पाहिलं. दुधाळ पांढऱ्यावर तपकिरी अक्षरं, ऊन पडून चमकणारी: ‘इथे रोज ताजी कॉफी भाजतात.’ खाली, ठसठशीत: ‘शुभारंभ’. हात कुठंही अडखळलेला नव्हता. अक्षरांच्या वर हातभर जागा कोरी होती.

त्यानं तिला पाहिलं, आणि उतरायचं सोडून तिथंच शिडी घट्ट धरून बसला.

“काकूंचं ग्रंथपालांकडून कळलं. त्या काय म्हणाल्या, ते विचारणार नाही,” तो वरून म्हणाला. “विचारून लावली असं व्हायला नको. म्हणून तुम्ही यायच्या आत लावत होतो.”

“आणि त्या नाही म्हणाल्या असत्या तर?”

“तर काय? पाटीवर खोटं काही लिहिलेलं नाही. कॉफी तर तुम्ही रोज भाजताच.” त्यानं पाटीची कड बोटानं उगाच पुसली. “पहिल्या दिवशी वाटलं होतं जाल म्हणून. दुसऱ्या दिवशी वाटलं, जाऊ नये. त्याच्या पुढचं सगळं... ते मला शिडीवरून सांगता येणार नाही.”

धाकटीनं पिशवीतून ती बी काढली, दोन पायऱ्या चढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं ती उजेडाकडे धरली.

“ही पट्टीवर नाही,” तो म्हणाला.

“नाही. रंगवावी लागेल. आठ किलो, दर सोमवारी. मालकीणबाई, ऐकलंत ना? नाटकगृह. कायमचं गिऱ्हाईक.”

मालकीणबाईंचा जुडगा वाजायचा थांबला. त्यांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. बाई रोखठोक असल्या तरी समोरचं न कळण्याइतक्या भोळ्या नव्हत्या. “करार उद्या करू,” त्या म्हणाल्या. “आणि अहो पाटीवाले, आता जागा लागलीच आहे, तर मागची ती अक्षरं पुसून टाका. उगीच अपशकुन कशाला.”

“एक हात मारला की जातील,” पाटीवाला म्हणाला आणि फळीचा खिळा सैल करायला वाकला.

धाकटीनं त्याचा हात धरला. रंगानं माखलेला, ऊनऊन, चाळणीत एकदा सापडला होता तोच. तिला ती अक्षरं तशीच हवी होती, भिंतीकडे तोंड करून, आपल्या फोलपटांसकट. तिथूनच तर हा माणूस तिच्या दारी आला होता.

“आत्ता नको, मालकीणबाई,” ती अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली. “ओली आहेत अजून.”

तो शिडीवरून पडता पडता राहिला. मालकीणबाई काहीतरी पुटपुटत आपल्या घराकडे वळल्या, आणि दोघंही त्या कोपऱ्यावरून दिसेनाशा होईपर्यंत श्वास धरून उभे राहिले. मग एकदम हसत सुटले.

“मला आवडतोस तू,” हसू ओसरल्यावर ती म्हणाली. “फार आवडतोस. बुधवारी तू पुन्हा थाप का नाही मारलीस?”

“मी दारातच बसलो होतो,” तो म्हणाला. “वास येत होता. मध्येच उठवलं असतं तर हा रंग बिघडला असता.” त्यानं ती बी शर्टाच्या खिशात ठेवली आणि वरून हात दाबला. “मलाही. तू. पहिल्या कोळशापासून.”

खालून कुणीतरी विचारलं, दुकान उघडं आहे का? ग्रंथपाल होते. धाकटी पायऱ्या उतरली, किल्ली काढली, आणि दारात वळून तिनं वर त्या कोऱ्या जागेकडे पाहिलं.

“ती का सोडलीस?”

“नावासाठी. ठरलं की सांग, येईन लिहायला.”

“मला बरेच दिवस लागतील ठरवायला.”

“लागू देत,” तो म्हणाला. “रोज सातला येऊन विचारत जाईन.”